आठपैकी एक

१६ एप्रिल, बुधवार

गेल्या वर्षीच्या टाचणवहीत चाळीसेक पानं कोरी राहिली होती, त्यांत लिहायला घेतलंय. कुणाशी बोलावं तर ते दुपारच्या डब्यापर्यंत अख्ख्या शाळेत होतं, आणि मनात ठेवावं तर माझं पोट बिघडतं. तेव्हा हे बरं. ऑफ तासाला लिहायचं आणि वही पर्समध्येच ठेवायची.

जूनमध्ये माझी शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं पूर्ण होतील. कायम करण्याचा प्रस्ताव फर्डिनंड सरांच्या कपाटात आहे. मुख्याध्यापक म्हणून त्यांनी शेरा लिहिला की तो वर जाईल. तोवर माझ्या हातून काही चुकू नये, एवढंच मागणं.

काल नववीचा मराठीचा पेपर झाला. पेपर मीच काढला होता. निबंध आठ गुणांचा. 'मोबाइल शाप की वरदान' देऊन देऊन कंटाळा आलाय, म्हणून या वेळी विषय दिला 'आमची वाडी'. वसईतली मुलं आहेत, लिहू दे वसईबद्दल. फेब्रुवारीत एक पूर्ण तास मी त्यांना वाडी सांगितली होती. आगाशीची आमची वाडी डोळ्यांपुढे ठेवून. विहीर, पाटाचं पाणी, केळीचे बाग, पानवेली, सोनचाफा, उजाडायच्या आत भरलेल्या फुलांच्या टोपल्या. मुलं गप्प बसून ऐकत होती. असा तास वर्षातून एखादाच होतो.

व्हेरोनिका टीचर पेपर बघून म्हणाल्या, "विषय छान गं. पण खाली मुद्दे नाही दिलेस?" त्या गणिताच्या, वीस वर्षांपासून इथे. त्यांची खुर्ची माझ्या शेजारी. मी म्हटलं, मुद्दे दिले की सगळी मुलं एकच निबंध लिहितात.

त्यांनी पेपर माझ्याकडे परत सरकवला. विषय आवडला असावा.


१८ एप्रिल, शुक्रवार

गुड फ्रायडेची सुट्टी. सकाळी सहापासून तपासायला बसले. अठ्ठावन्न पेपर. अकरापर्यंत निबंध संपवले, कारण आधी सगळ्यांचे निबंध आणि मग बाकीचे प्रश्न, अशी माझी पद्धत आहे. एका वेळी एकच प्रश्न तपासला की मोजमाप सारखं राहतं. बी.एड.ला हे शिकवलं होतं आणि मी ते पाळते.

निबंध छान आलेत. तीस-पस्तीस मुलांनी विहीर, चाफा, टोपल्या सगळं आणलंय. त्यांना सहा-सात दिले.

अकरा जणांनी मात्र विषयच सोडला. वाडी म्हणजे वस्ती धरून लिहिलंय. कुणी चाळीवर, कुणी कॉम्प्लेक्सवर. 'विषयाला धरून नाही' असा लाल शेरा मारून प्रत्येकाला एक गुण दिला. निबंध लिहिलाय म्हणून एक. शून्य द्यायला मन होत नाही.

मितेशने तर गाइडमधला 'माझे गाव' जसाच्या तसा उतरवलाय. झुळझुळ वाहणारी नदी, जात्यावरच्या ओव्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा नाद. हा मुलगा जूचंद्रचा, वडील बिल्डर, येतो मोठ्या गाडीतून. कुठली नदी आणि कुठले बैल!

मनालीचाही विषय तसाच सुटलाय. तीही जूचंद्रची. वर्गात बोलत नाही, न आणि ण चा कायम घोळ. तिचा निबंध इथे उतरवून ठेवते, म्हणजे कुणी विचारलंच तर सांगता येईल की मी वाचून गुण दिलेत.

"आमच्या वाडीत नऊ घरे आहेत पन मानसे सहाच घरांत राहतात. मोठी भरती आली की खाडीचे पानी गल्लीत येते. पहिले येत नव्हते. समोर मातीचा भराव टाकून बिल्डिंगी झाल्या तेव्हापासून येते. बिल्डिंगीच्या बोर्डावर क्रीक व्ह्यू लिहिले आहे. आमचा क्रीक व्ह्यू चुलीपर्यंत येतो. माझी आजी धोंडूबाई भरतीचा टाइम कोनाला विचारत नाही. चिंबोऱ्या भिंतीवर चढायला लागल्या की ती तांदळाचा डबा माळ्यावर ठेवते. पानी गेल्यावर गल्लीत जो चिखल राहतो त्याला आम्ही पाहुना म्हनतो. शेजारीन विचारते, पाहुना गेला का? वाडीत एक बाकडा आहे. पहिले त्याचे तोंड खाडीकडे होते. माझ्या बापाने आनि काकाने तो उचलून रस्त्याकडे फिरवला. आता संध्याकाळी सगळे रस्त्याकडे बघत बसतात."

एवढाच. शेवट नाही, समारोप नाही. दहा ठिकाणी न चा ण केला. एक गुण.

दोनदा वाचला तो पेपर. मग गठ्ठ्यात खाली घातला. माझा नवरा देवेश म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी अशी का चिडलीयेस?" मी चिडले नव्हते.


२१ एप्रिल, सोमवार

बेरजा झाल्या. मराठीत दोघंच नापास. मितेशला चार गुण कमी पडतात, मनालीला तीन.

शाळेचा नियम असा की एका विद्यार्थ्याला एकाच विषयात, तीनपर्यंत कृपागुण देता येतात. मितेशला चार हवेत, म्हणजे बसत नाही. मनालीला तीन पुरले असते, पण तिला व्हेरोनिका टीचरनी गणितात आधीच दिलेत. तेव्हा दोघांनाही जूनमध्ये फेरपरीक्षा. त्यात गेलं तर नववी पुन्हा.

फर्डिनंड सरांनी सांगितलं, विषयशिक्षकांनीच घरी फोन करायचा. मितेशच्या घरी त्याच्या वडिलांनी, धनेश यांनी उचलला. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, उद्या येतो." मनालीच्या फॉर्मवरच्या नंबरवर मनालीच बोलली. मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं, टीचर."

"काही विचारायचंय का?"

"नाय, टीचर."

निदान एकीला तरी आपली चूक मान्य आहे.


२२ एप्रिल, मंगळवार

 

धनेश साडेदहाला आले. शाळेच्या समितीवर ते पालकांचे प्रतिनिधी आहेत, हे मला आज व्हेरोनिका टीचरकडून कळलं, तेही ते सरांच्या केबिनमध्ये शिरल्यावर. मला बोलावलं. मला वाटलं होतं आवाज चढवतील. तसं काहीच नाही. उभे राहून नमस्कार केला.

"मॅडम, राग नका मानू. मी काय शिकलेला मानूस नाय, दहावी पास. पन आमच्याकडं वाडी म्हंजे घरं. दहा-वीस घरं एका जागेला असली की झाली वाडी. तुमच्याकडं वाडी म्हंजे बाग. आता पेपरात लिवलंय नुसतं वाडी. पोरानं कुठली घ्यायची?"

मी म्हटलं, वर्गात सांगितलं होतं.

"वर्गात सांगितलं, पेपरात नाय ना सांगितलं."

फर्डिनंड सर पेपर चाळत होते. म्हणाले, "टीचर, एक म्हणजे जरा कमी वाटतो. बेरीज एकदा बघून घ्या."

बेरीज बरोबर होती. मी तीनदा केली होती. सरांनाही ते दिसत होतं, पेपर त्यांच्याच हातात होता. मी "हो सर" म्हटलं आणि पेपर घेऊन आले.

स्टाफरूममध्ये मितेशच्या निबंधाचा एक खोडून पाच केला. चार वाढले, पास झाला. पहिल्या पानावर लिहिलं, 'बेरीज दुरुस्त', खाली सही आणि तारीख.

पाच जास्त नाहीत. वाडी म्हणजे वस्ती हा अर्थ शब्दकोशातही आहे, घरी येऊन पाहिला. पहिलाच अर्थ तो आहे. म्हणजे मी जे केलं ते योग्यच केलं. कारण फक्त वेगळं लिहिलं.


२३ एप्रिल, बुधवार

सकाळपासून स्वतःला समजावतेय. मनालीचं प्रकरण वेगळं आहे. मितेशच्या निबंधाला सुरुवात, मध्य, शेवट आहे. परिच्छेद आहेत. शुद्धलेखन स्वच्छ आहे (गाइडचंच आहे म्हणा). मनालीच्या निबंधात शेवटच नाही. शिवाय तिच्या घरून कुणी आलेलं नाही. तक्रारच नसेल तर फेरतपासणी कशाच्या आधारावर करायची? उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू?

शिवाय तिला दिले तर उरलेल्या नऊ जणांनाही द्यावे लागतील. शिवाय मग 'बेरीज दुरुस्त' या दोन शब्दांचं काय करायचं?

तीन वेळा 'शिवाय' लिहिलंय. मुलांच्या वहीत दिसलं असतं तर खालून रेघ ओढली असती.


२६ एप्रिल, शनिवार

आगाशीला दादांकडे, माझ्या वडिलांकडे, जाऊन आले. पाठीचं दुखणं आहे, तरी वाडीत फिरतात. मी त्यांना मनालीचा निबंध वाचून दाखवला. या वहीतूनच. गुणांचं काही बोलले नाही.

दादा केळीची वाळलेली पानं कापत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "चिंबोऱ्यांचं खरं आहे. जूचंद्रची माणसं मिठागरावर असायची, त्यांना पाणी कळतं." मग थोड्या वेळाने, "कुठल्या स्पर्धेतला आहे?"

"परीक्षेतला."

"बरा नंबर आला असेल पोरीचा."

मी विहिरीवर पाय धुवायला गेले. पाणी मचूळ लागतं आता, चूळ भरवत नाही. दादांनी केळी कमी केलीत, चाफ्याची चार झाडं उरलीत. वर्गात मी जी वाडी सांगितली ती माझ्या लहानपणची होती, हे मुलांना सांगायचं राहूनच गेलं होतं.


२८ एप्रिल, सोमवार

फेरपरीक्षेचा अभ्यासक्रम घ्यायला नापास मुलांना आज बोलावलं होतं. सगळ्या तुकड्या मिळून सात जण. मनाली परिवहनच्या बसने आली, गणवेशात, दोन वेण्या घालून, शाळा चालू असल्यासारखी. मी कागद दिला. तो तिने नीट चार घड्या करून कंपासपेटीत ठेवला. जायला वळली आणि थांबली.

"टीचर, मितेश नाय आला?"

"त्याला यायचं नव्हतं."

"त्याला पन एकच होता ना? त्यानंच सांगितलेलं."

"त्याची बेरीज चुकली होती."

"बरं."

या 'बरं'मध्ये काहीच नव्हतं. ना राग, ना शंका. मलाच राहवलं नाही. मीच विचारलं, आणि आवाज जरा चढलाच माझा. "मनाली, फेब्रुवारीत मी वाडीवर पूर्ण तास घेतला होता. तू वर्गात होतीस ना?"

"होती टीचर. दुसऱ्या बाकावर."

"मग तुला माहीत होतं मला कुठली वाडी म्हणायची आहे?"

"हां."

"मग तशी का नाही लिहिलीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मुलं प्रश्न कळला नाही की बघतात तसं नाही. प्रश्न टीचरला कळला नाही की बघतील तसं.

"ती तुमची होती ना, टीचर. विहीर, चाफा, ते सगळं. पेपरात 'आमची' लिवलेलं. म्हनून मी आमची लिवली."

 मी डस्टर घेऊन फळा पुसायला लागले.

तिला वाटलं असावं मी रागावले. घाईघाईने म्हणाली, "पन चुकलं असंल तर जूनमदी तुमचीवाली लिवते, टीचर. रोशनीनं लिवलेली हाय, तिच्याकडनं घेऊन पाठ करते."

मी "ठीक आहे, जा" म्हटलं. हे शब्द मी उच्चारले. लिहून ठेवते, म्हणजे नंतर विसरल्याचा बहाणा करता येणार नाही.


२९ एप्रिल, मंगळवार

डबा तसाच परत आणला.

अठ्ठावन्न पेपर कपाटातून काढून पुन्हा वाचायला बसले. चोवीस पेपरांत सोनचाफ्याचा वास 'आईच्या ओल्या केसांसारखा' आहे. चोवीस! ते माझं वाक्य. फेब्रुवारीत बोलता बोलता तोंडातून गेलेलं. रोशनी अकराव्या मजल्यावर राहते, तिच्याही वाडीत पाटाचं पाणी खळखळतंय. मी त्या ओळीखाली 'सुंदर!' लिहून सात गुण दिलेत. म्हणजे मी माझ्याच वाक्यांना गुण वाटत बसले होते.

व्हेरोनिका टीचर डबा खाताना सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "मितेशची बेरीज किती चुकली होती गं?"

"चारने."

"बरोब्बर चार. आणि नेमकी निबंधात." काकडीची एक फोड माझ्या झाकणात ठेवली. "माझी एकदा अशी चुकली होती. बारा वर्षं झाली. त्या मुलाचं नाव अजून लक्षात आहे. ज्याचे वाढवले त्याचं नव्हे, दुसऱ्याचं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काही नाही केलं. म्हणून तर लक्षात आहे."

घरी देवेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जूनपर्यंत थांब ना. कायम झालीस की काय दुरुस्त्या करायच्या त्या कर." त्याचं चुकीचं नाही. पण फेरपरीक्षाही जूनमध्येच आहे, आणि तोवर ती पोरगी माझं वाक्य पाठ करून येईल.


३० एप्रिल, बुधवार

सकाळी पत्र लिहिलं. पाच वेळा. शेवटचं सहा ओळींचं झालं. निबंधाचा विषय दोन अर्थांचा होता, दोष प्रश्न काढणारीचा. एका विद्यार्थ्याचे गुण मी वाढवले आणि कारण खोटं लिहिलं. तो अर्थ घेऊन लिहिलेले अकराही निबंध पुन्हा तपासण्याची परवानगी मिळावी.

फर्डिनंड सरांनी चष्मा लावून वाचलं. काढून पुन्हा वाचलं.

"मी बेरीज बघायला सांगितलं होतं, टीचर. गुण वाढवायला सांगितलं होतं का?"

"नाही, सर."

"परवा निकाल आहे."

"हो, सर."

"हे पत्र फाइलला लागलं की मला नोंद घ्यावी लागेल. ती तुमच्या प्रस्तावासोबत जाईल. वर कुणी वाचलं तर काय होईल ते मी सांगू शकत नाही."

 मी विचारलं, "नाही लागलं तर?"

त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं, अगदी मधोमध. वर काही ठेवलं नाही, पंख्याच्या वाऱ्याने त्याचं एक टोक हलत होतं. "मी मैदानावर जाऊन येतो. उद्याच्या झेंडावंदनाची तयारी बघायची आहे. दहा मिनिटं लागतील. परत आल्यावर टेबलावर जे असेल ते मी वाचलेलं असेल."

आणि गेले.

पत्र दोन हातांवर होतं. पहिल्या मिनिटाला मी ते उचललंसुद्धा. हे लिहायला लाज वाटते, पण उचललं. घडी घातली. पर्सची चेन उघडली. मग आठवलं की पर्समध्ये ही वही आहे, आणि या वहीत तो निबंध आहे, माझ्याच अक्षरात, न ला न आणि ण लाही न ठेवून उतरवलेला. त्याच्या शेजारी ते पत्र ठेवायचं? ते मला जमेना. घडी उलगडून पत्र होतं तिथे ठेवलं. वारा होता म्हणून वर त्यांचा स्टेपलर ठेवला.

सर परत आले, स्टेपलर उचलला, म्हणाले, "उद्या झेंडावंदन झाल्यावर तपासा. दुसरी शिक्षिका सोबत हवी."


१ मे, गुरुवार

झेंडावंदनानंतर आठ अ च्या वर्गात बसलो. व्हेरोनिका टीचर सोबत, त्यांनी स्वतःहून विचारलं. नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, पण त्याचा उपयोग नव्हता. अक्षर कुठे लपतं?

भीती आता वेगळीच होती. मनालीचा पेपर हातात आला तेव्हा आठ द्यावेसे वाटत होते. आठच्या आठ, आणि पाया पडावंसं. पण ते माझ्या अपराधाचे गुण झाले असते, तिच्या निबंधाचे नव्हे. तीन वेळा वाचला. आशय, निरीक्षण पूर्ण. परिच्छेद पाडलेले नाहीत, शुद्धलेखन कच्चं. सहा. व्हेरोनिका टीचरनी वेगळ्या कागदावर लिहिलेलेही सहाच निघाले.

मितेशचे तीन. व्याकरण ठीक, पण त्यातली एकही गोष्ट त्याने पाहिलेली नाही. आता त्याला दोन कमी पडतात, म्हणजे कृपागुणांत बसतो. तोही पास. निकालावर गुणाशेजारी कृपागुणांचा तारा येईल, एवढंच.

बाकीच्या नऊ जणांचे चार ते सहाच्या दरम्यान झाले. त्यांच्या निकालात त्याने काही फरक पडत नाही, पण पेपर त्यांचेच आहेत.

आणि ते चोवीस? ज्यांनी माझी वाडी मला परत दिली? त्यांचे गुण कमी करायचे का? व्हेरोनिका टीचर म्हणाल्या, "तू जे शिकवलंस ते त्यांनी लिहिलं. त्यांना कशाची शिक्षा?" खरं आहे. मग मितेशचे गाइडमधलं लिहिलं म्हणून तीन, आणि रोशनीचे माझं लिहिलं म्हणून सात, हा कुठला न्याय?  तसेच ठेवले. ते बरोबर झालं असं मी इथे लिहिणार नाही.


२ मे, शुक्रवार

निकाल लागला. दुपारी धनेश आले. या वेळी नमस्कार नाही.

"मॅडम, पास होता पोरगा माझा. तुम्हीच पाच दिलेले. आता तारा लावून दिलात. गावात काय सांगू, दया करून वर ढकलला?"

मी म्हटलं, "तुमचं म्हणणं खरं होतं. वाडी म्हणजे घरं. ते मी सगळ्यांनाच लावलं. पण त्याने त्याची घरं लिहिली नाहीत, पुस्तकातली लिहिली."

"आमची घरं!" ते हसले, पण हसू लगेच गेलं. "आमची जुनी घरं पाडून तिथं टॉवर हाय. त्यानं काय लिवायचं, मॅडम?"

 ते समितीकडे जाणार म्हणून सांगून गेले. जातील. 

मनालीला फोन केला. या वेळी कुणा म्हाताऱ्या बाईंनी उचलला, धोंडूबाईच असणार. मी म्हटलं, मनाली पास झाली, जूनमध्ये परीक्षा नाही. त्या म्हणाल्या, "झाली? पहिली नव्हती, न् आता झाली?"

"माझी चूक झाली होती, आजी."

 मग, "बरं, सांगते तिला. ती पाठ करतंय कवापास्नं कायतरी. बंद कर म्हनून सांगते."


१६ जून, सोमवार

शाळा सुरू झाली.

माझा प्रस्ताव नोंदीसह वर गेलाय. 'विलंबाने का होईना, स्वतःहून दुरुस्ती केली' हे वाक्य फर्डिनंड सरांनी शेऱ्यात घातलंय, असं क्लार्क सांगत होता. त्याने माझं भलं होईल की वाईट, कळत नाही. उत्तर यायला दोन महिने लागू शकतात. दहावीचे तास माझ्याकडून काढून घेतले, पाचवी आणि सहावी दिलीत. समितीची तशी सूचना होती म्हणे. स्टाफरूममध्ये दोघं-तिघं माझ्याशी जरा जपून बोलतात. रोज सकाळी पायरी चढताना वाटतं, आज पत्र येईल.

मधल्या सुट्टीत मनाली स्टाफरूमच्या दाराशी आली. दहावीत गेलीय, नवी ओढणी. मला वाटलं आभार मानायला आली असेल. काय उत्तर द्यायचं याची मी मनात जुळवाजुळवही करून टाकली.

"टीचर, एक विचारू?"

"विचार."

"सहा दिलेत ना. दोन कुठं गेले?"

शेजारी व्हेरोनिका टीचरचा चहाचा कप अर्ध्यावर थांबला.

मी सांगितलं, परिच्छेद नाहीत आणि न आणि ण. ती म्हणाली, "परिच्छेदाचं कळलं. पन शेजारीन जसं बोलते तसंच मी लिवलं तर ते पन चूक का? कुठं चूक, कुठं नाय, ते दाखवा ना. दहावीत बाहेरचं कोनीतरी तपासनार. त्यांना मी विचाराया कुठं जानार?"

प्रश्न सोपा नव्हता. शेजारणीच्या तोंडचं वाक्य आणि तिचं स्वतःचं वाक्य, दोन्हींतल्या न वर मी सारख्याच लाल रेघा मारल्या होत्या.

फर्डिनंड सरांची परवानगी काढून पेपर कपाटातून आणला. घंटा व्हायला अजून अकरा मिनिटं होती. व्हेरोनिका टीचर उठल्या आणि आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. मनाली बसली. तिने कंपासपेटीतून स्वतःची पेन्सिल काढली, माझ्या हातात लाल पेन होतं ते मी खाली ठेवलं, आणि आम्ही पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.